'पाणी उकळून प्या' एवढंच एक पान

"एकच पान आहे हो. अगदी साधं," मुख्य अभियंता म्हणाले, आणि जावावाले सावध झाले.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या संगणक विभागात त्यांची अठरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांच्यावर जी काही संकटं कोसळली, ती सगळी 'साधं' ह्या शब्दाचं बोट धरून आली होती. अवघड काम आलं की त्यासाठी समिती नेमतात, समितीची बैठक ठरते, बैठकीची तारीख पुढे जाते आणि माणूस सुखात राहतो. साधं काम मात्र सरळ टेबलावर येऊन बसतं आणि 'झालं का?' म्हणून विचारायला लागतं.

जावावाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कार्यालयाची वेबसाइट जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली होती. ती लिहिणारे तिघेही केव्हाच दुसरीकडे गेले. मागे राहिले ते एकटे हे, म्हणून सगळे त्यांना जावावाले म्हणत. त्यांच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंना हे नाव प्रथम कळलं तेव्हा त्या बराच वेळ विचारात पडल्या होत्या. "माझ्या लेकीला एक जाऊ नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दिवसभर जावांमध्ये? बायकांना जमत नाही ते तुम्हाला कसं जमतं?" जमत नाही, हे त्यांना सांगण्याचं धैर्य जावावाल्यांना झालं नव्हतं.

तर त्या दिवशी सकाळी दहाला वीस कमी असताना मुख्य अभियंत्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. शहराच्या पश्चिम भागातली मोठी जलवाहिनी पहाटे फुटली होती. ती जोडली, पण मधल्या वेळात पाइपात माती गेली. तपासणीचा अहवाल यायला तीन दिवस लागणार. तोवर लोकांनी पाणी उकळून प्यावं, अशी सूचना वेबसाइटवर टाकायची होती.

"अकरा वाजता भोंग्याची गाडी निघतेय," साहेब म्हणाले. "गाडीवरून पत्ता जाहीर होणार, अधिक माहितीसाठी आमचं संकेतस्थळ पाहा म्हणून. त्याच्या आत पान दिसलं पाहिजे. किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," जावावाले म्हणाले.

हे वाक्य ते उभ्या उभ्या बोलले, ही त्यांची पहिली चूक. बसून बोलले असते तर निदान दोन दिवस तरी म्हणाले असते.

सूचना जनसंपर्क विभागातल्या बाईंनी लिहिली होती. बाईंचा हात लिहिता होता. पहिल्या परिच्छेदात कार्यालयाच्या स्थापनेचा उद्देश, दुसऱ्यात नागरिकांच्या सेवेस सदैव तत्पर असल्याची ग्वाही, तिसऱ्यात बाधित गल्ल्यांची यादी, चौथ्यात दिलगिरी आणि पाचव्यात, सगळ्यांच्या मागे चपला काढायला उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं बिचकत, 'पाणी उकळून प्यावे'. जावावाल्यांनी त्याचं रीतसर पान केलं, वर कार्यालयाचं चिन्ह लावलं, फाइल सर्व्हरवर योग्य त्या फोल्डरमध्ये ठेवली आणि पत्ता टाकून पाहिला.

'४०४. आपण शोधत असलेले पान सापडले नाही.'

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण जावावाल्यांनी हे त्या दिवशी सात जणांना सांगितलं आणि सातपैकी एकानेही पुरतं ऐकून घेतलं नाही. त्या वेबसाइटच्या दारात वाटप करणारा एक प्रोग्रॅम बसवलेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, काय काम आहे? तक्रार? त्या खिडकीत जा. मीटरचं वाचन? ह्या खिडकीत. नवीन नळजोडणी? वर. पण 'माझं काही काम नाही, भिंतीवरचा तो कागद तेवढा वाचायचाय' असं कोणी म्हटलं, की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं. कागद समोर भिंतीवर असायचा, आणि हा गृहस्थ त्याकडे पाठ करून 'सापडले नाही' म्हणायचा.

औषध एका ओळीचं होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एवढंच लिहायचं, की ज्याला कुठलीच खिडकी नको त्याला सरळ कागद दाखव. जावावाल्यांना ती ओळ पाठ होती. ती लिहायला वीस सेकंदं लागली असती. पण सेटिंगच्या फाइलला हात लावायचा तर 'बदल विनंती अर्ज' भरावा लागे, आणि त्यावर सुरक्षा अधिकाऱ्यांची सही लागे. सुरक्षा अधिकाऱ्यांना कार्यालयात कुलूपसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण सही केली नाही तर जगात काहीच बिघडणार नाही, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

त्यांनी अर्ज आधी दुरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला.

"'बदल न केल्यास होणारे परिणाम' ह्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय हे?"

"लोक गढूळ पाणी पितील."

"असं थेट लिहायचं नसतं हो. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी अर्ज मागितला तर? 'सेवेच्या गुणवत्तेवर प्रभाव' असं करा. आणि परत फिरण्याची योजना कुठाय?"

"कुठून परत फिरायचं? एक ओळ आहे. नको झाली तर खोडायची."

"मग तेच लिहा. पायऱ्या पाडून लिहा."

जावावाल्यांनी पायऱ्या पाडल्या. पायरी एक, ओळ शोधणे. पायरी दोन, ओळ खोडणे. पायरी तीन, ओळ खोडली गेल्याची खात्री करणे. तिसरी पायरी कुलूपसाहेबांना विशेष आवडली. सही होईपर्यंत अकराला पाच कमी होते.

कार्यालयात कुठलीच गोष्ट वेळेवर निघत नसे, पण भोंग्याची गाडी त्या दिवशी ठीक अकराला निघाली.

ओळ टाकली, तरी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती लागू होणार नव्हती. त्याला सात मिनिटं लागत. त्या सात मिनिटांत तळमजल्यावरच्या पाचही खिडक्यांमधले संगणकाचे पडदे पांढरे पडले, अर्ज अर्ध्यावर उडाले, आणि रांगेतल्या लोकांनी 'वर कोण बसतं?' अशी चौकशी सुरू केली. वर जावावाले बसत होते. ते खुर्चीत जरा खाली सरकून बसले.

सर्व्हर उठला. त्यांनी पत्ता टाकला. आता ४०४ गेलं होतं. त्याच्या जागी दोन रिकामे चौकोन आले होते. 'ग्राहक क्रमांक' आणि 'पासवर्ड'.

जावावाले त्या चौकोनांकडे नुसते पाहत राहिले. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा घोटाळ्यानंतर कुलूपसाहेबांनी आग्रह धरून सगळ्या वेबसाइटला लॉगिनचं कुंपण घालून घेतलं होतं. आतल्या मीटरच्या नोंदींना ते ठीक होतं. पण कुंपण घालणाऱ्याने, म्हणजे खुद्द जावावाल्यांनीच, भिंतीवरचा कागदही कुंपणाच्या आत घेतला होता. तेव्हा कागद नव्हताच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

एवढ्यात टेलिफोनवाल्या बाई जिन्याने वर आल्या. बाईंचं वजन आणि गुडघे पाहता त्या कधी वर येत नसत. त्या आल्या म्हणजे प्रकरण फोनवर सांगण्याच्या पलीकडे गेलेलं असे.

"जावावाले," त्या दम खात म्हणाल्या, "लोक विचारतायत, पाणी उकळायला पासवर्ड कुठला?"

"बाई, त्यांना तोंडी सांगा ना, नुसतं उकळा म्हणून."

"मला तोंडी सांगायचा अधिकार नाही. मला लेखी आलंय, चौकशी करणाऱ्यांना संकेतस्थळ पाहण्यास सांगावे." त्यांनी कागद दाखवला. खाली मुख्य अभियंत्यांची सही होती. "एका बाईंनी तर ग्राहक क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला, तीनदा चुकला, आणि आता त्यांचं खातंच बंद झालंय. त्या रडतायत हो. ते कुठे कळवू?"

जावावाल्यांनी त्या बाईंचा ग्राहक क्रमांक कागदावर लिहून घेतला. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे बँकेचे निवृत्त मॅनेजर बोलत होते.

"अहो, तुमची वेबसाइट बंद आहे."

"बंद नाही, पासवर्ड मागतेय."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही एक करा. वर्डमध्ये टाइप करा, पीडीएफ करा, आणि ती टाका. आमच्या बँकेत आम्ही असंच करायचो."

"पीडीएफसुद्धा त्याच दारातून जाणार ना हो. अडचण दाराची आहे."

"मग बंद करून चालू करून पाहिलंत?"

"पाहिलं."

"पुन्हा पाहा. पहिल्यांदा कधीकधी नीट बंद होत नाही," मॅनेजर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "नाही म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही, पण पस्तीस वर्षांचा अनुभव आहे."

जावावाले दुसरा अर्ज घेऊन कुलूपसाहेबांकडे गेले. साहेबांनी वेळ पाहिली.

"एका दिवसात एका सर्व्हरवर एकच बदल, असा नियम आहे."

"हा नियम कोणी केला?"

"मी," कुलूपसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता असं जावावाल्यांना वाटलं, पण ते बहुधा भुकेनं वाटलं असावं. "शिवाय तुम्ही मला कुंपणाला भोक पाडायला सांगताय. एक पान बाहेर काढलं, उद्या दुसरं काढाल."

"साहेब, आत चोरण्यासारखं काय आहे त्या पानात? 'पाणी उकळून प्यावे'. हे कोणी चोरलं तर बरंच होईल."

ह्यावर कुलूपसाहेबांनी अर्ज पुन्हा एकदा चष्मा लावून पाहिला. मग त्यांनी 'पहिल्याच बदलाची पुरवणी' असा शेरा मारून सही केली. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलंच आहे.

सर्व्हर पुन्हा खाली गेला. तळमजल्यावरचे पडदे पुन्हा पांढरे पडले. ह्या वेळी रांगेतल्या लोकांनी वर कोण बसतं हे विचारलं नाही. त्यांना नाव माहीत झालं होतं, आणि ते नावाने हाका मारत होते.

साडेबाराला पान उघडलं. पासवर्ड न मागता, विनाअडथळा उघडलं. वर कार्यालयाचं चिन्ह झळकलं. आणि त्याखाली, जिथे जनसंपर्कवाल्या बाईंचे पाच परिच्छेद असायचे, तिथे हजारभर भलत्याच खुणा पसरल्या होत्या. डोक्यावर तिरकी काडी घेतलेलं एक इंग्रजी अक्षर, त्याला चिकटून एक वाटोळं चार पायांचं चिन्ह, मग पुन्हा काडीवालं अक्षर, पुन्हा चार पाय. अशी रांगच्या रांग, पानभर.

जावावाल्यांना हे काय ते लगेच समजलं. सर्व्हर जुना होता. पान देवनागरीत आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो लोकांच्या संगणकांना ते इंग्रजी समजून दाखवायला सांगत होता. पण समजणं वेगळं आणि वेळेत समजणं वेगळं. ते दुरुस्त करून सर्व्हर तिसऱ्यांदा उठेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात पश्चिम भागातल्या कोणीतरी त्या पानाचा फोटो काढला, कोणीतरी तो पुढे पाठवला, आणि कोणीतरी त्याखाली लिहिलं, 'तपासणीत पाण्यात सापडलेले किडे. कार्यालयाने स्वतः फोटो टाकला आहे.'

सव्वा वाजता मुख्य अभियंत्यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. साहेबांचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा झाला होता.

"जावावाले, मला आमदारांचा फोन आला. किडे किती लांबीचे आहेत विचारत होते."

"साहेब, किडे नाहीत. अक्षरं आहेत. आता पान नीट झालंय. तुम्ही स्वतः बघा."

साहेबांनी संगणक त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर चार पायांची चिन्हं जशीच्या तशी होती.

"हे जुनं आहे," जावावाले म्हणाले. "तुमच्या संगणकानं मघाचं पान जपून ठेवलंय. रिफ्रेश करावं लागेल."

"सकाळपासून चहा पिऊन मीच रिफ्रेश होतोय," साहेब म्हणाले. "काही फरक पडत नाही."

जावावाल्यांनी पुढे वाकून दोन बटणं दाबली. पान बदललं. काळीभोर, स्वच्छ, देखणी देवनागरी. सकाळपासून आपण पाण्याचा घोटही घेतलेला नाही, हे जावावाल्यांना आत्ता आठवलं.

"वाचून दाखवा बघू," साहेब म्हणाले. "गल्ल्यांची यादी तरी बरोबर आहे का पाहू."

जावावाले वाचायला लागले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. तिसऱ्या नावाशी ते थांबले.

ते नाव त्यांच्या स्वतःच्या गल्लीचं होतं.

सकाळपासून त्यांनी ते पान निदान अकरा वेळा इकडून तिकडे हलवलं होतं. ह्या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये, कुंपणाच्या आतून बाहेर, इंग्रजीतून मराठीत. एकदाही वाचलं नव्हतं. घरी सासूबाई एकट्या होत्या. वय एक्क्याऐंशी, आणि पंधरवड्यापूर्वीच पोटाच्या दुखण्यातून उठलेल्या. डॉक्टरांनी निघताना दोनदा बजावलं होतं, पाण्याची काळजी घ्या. बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, तिचा मोबाइल संध्याकाळपर्यंत कपाटात.

त्यांनी घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. वरच्या मॅनेजरांना लावला, तर ते दुसऱ्या कोणाला तरी सल्ला देत होते. फोन सतत व्यस्त.

"साहेब, मी घरी जातो," ते म्हणाले. रजेचा अर्ज भरायचा राहिला, हे त्यांना बसमध्ये बसल्यावर आठवलं.

बस प्रत्येक थांब्यावर थांबली. जिथे कोणी चढणार नव्हतं, उतरणार नव्हतं, तिथेही थांबली. जावावाले खिडकीशी बसून मनातल्या मनात हिशेब करत होते. सकाळी आठला सासूबाईंची गोळी. गोळीबरोबर एक पेला. दहाला चहा, तो उकळलेला, तो चालेल. बाराला दुसरी गोळी. दुसरा पेला. अठरा वर्षं त्यांनी लोकांच्या पाण्याची नोंद ठेवली होती. आपल्या घरातले दोन पेले त्यांना आठवेना झाले होते.

जिना त्यांनी धावत चढला. जिन्यात सगळी इमारत जमली होती आणि किड्यांवरून वाद चालला होता. एका पक्षाचं म्हणणं होतं की किडे उकळूनही मरत नाहीत. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं होतं, की वेबसाइट पासवर्ड मागते, म्हणजे सगळी फसवणूकच आहे. खुशाल नळाचं पाणी प्या. "हे बघा, आले!" कोणीतरी ओरडलं. जावावाले न थांबता वर गेले.

दार उघडताच चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. त्यांनी चष्मा काढला. स्वयंपाकघरात ओट्यावर, टेबलावर, खुर्च्यांवर, अगदी खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा झाकण ठेवलेली पातेली मांडली होती. मधोमध सासूबाई हातात फडकं घेऊन उभ्या.

"आई, फोन का नाही घेतलात?"

"कसा घेणार? दोन्ही हातांत पातेलं. आणि तो मेला वाजतच होता. कोण होतं?"

"मी होतो." ते दारातल्या स्टुलावर बसले. त्यावर पातेलं नव्हतं हे नशीब. "तुम्हाला कळलं कसं? वेबसाइटवर पाहिलंत?"

"ती कुठे असते?" सासूबाई म्हणाल्या. "ते वरचे मॅनेजर आले होते मोबाइल घेऊन, किडे दाखवायला. मी चष्मा लावून पाहिलं. म्हटलं, हे कसले किडे, ही तर इंग्रजी अक्षरं आहेत. मग खाली भोंग्याची गाडी आली. काय पाहा, पाहा, असं ओरडत होती, कळेना. म्हणून खाली गेले आणि गाडी चालवणाऱ्याला हात केला. त्याला म्हटलं, बाबा, नेमकं काय झालंय? तो म्हणाला, आजी, पाणी उकळून प्या तीन दिवस, बाकी काही नाही."

"आणि आठची नि बाराची गोळी?"

"दोन्ही काल रात्री भरून ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतल्या. तुम्हाला काय होतंय? चेहरा असा का झालाय?"

सासूबाईंनी कोमट पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

"आता ते खालचे भांडतायत ते ऐकताय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतात, आजी, तुम्हाला काय माहीत. तुम्ही त्याच ऑफिसातले ना? मग लिहा की काहीतरी चार ओळी."

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून दिलं. जावावाल्यांनी ते उलटं केलं, मोबाइलच्या खोक्यावर ठेवलं, आणि जाड पेनाने लिहिलं, 'पाणी उकळून प्या. तीन दिवस. पाण्यात किडे नाहीत.' थोडा विचार करून खाली आपलं खरं नाव आणि हुद्दा लिहिला. मग खाली जाऊन टपालपेट्यांच्या वर चिकटपट्टीचे चार तुकडे लावून तो कागद भिंतीवर डकवला.

लोक गोळा झाले. वाचलं. निवृत्त मॅनेजरांनी मान तिरकी करून कागद नीट पाहिला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "ह्याची पीडीएफ करून टाकली असतीत सकाळीच, तर एवढं झालं नसतं."

जावावाल्यांनी उरलेली चिकटपट्टी खिशात टाकली. लोक हळूहळू पांगले. तळमजल्यावर नवीन राहायला आलेली बाई तेवढी थांबली. तिच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल होतं, आणि हातात दुधाची रिकामी बाटली. तिने ओठ हलवत सगळा कागद वाचला. मग परत एकदा वाचला.

"अहो," ती म्हणाली, "पण किती वेळ उकळायचं?"

ते पाचव्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत होतं. इथे लिहायचं राहून गेलं होतं. जावावाल्यांनी खिशातून पेन काढलं, भिंतीवरच कागदाला हात टेकवला, आणि 'उकळून' ह्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'उकळी आल्यावर पाच मिनिटं'.

लिहून होईपर्यंत ती शेजारी उभी होती. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली. दार उघडंच होतं. आत नळ सुटला, पातेलं ओट्यावर टेकलं, आणि गॅस पेटला. जावावाले पेनाचं टोपण हातात धरून तिथेच उभे राहिले, उकळीचा आवाज येईपर्यंत.